सूर्यकिरणांवरून हवेची परीक्षा

आंबेगाव तालुक्यांतील लोणी येथें सकाळीं क्षितिजावर आलेलें सूर्यबिंब तांबूस व सौम्य दिसतें. तेंच मध्यान्हीं डोळ्यांस असह्य होतें. सूर्य तोच, मग हा फरक कां? सकाळचे किरण तिरपे येत असल्यामुळें त्यांस हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो. वाटेंत हवा, धूळ, धूर व बाष्प हीं त्यांजकडून जणूं जकात घेतात. ही जकात मोजली, म्हणजे ती घेणाऱ्यांचीही ओळख पटते.

सरळ येणारे किरण मोजण्याच्या यंत्रास पायरहेलिओमीटर म्हणतात. आंतून काळी केलेली नळी सूर्याकडे रोखली, कीं बाकीच्या आकाशाचा उजेड वगळला जातो. तळाची काळी पट्टी तापते व त्यावरून किरणांचें बळ कळतें. पुढें रंगीत कांच लावल्यास एकेक रंग निराळा मोजतां येतो.

आतां हिशेब पाहूं. सूर्य माथ्यावर असतां हवेचा थर एक मानूं. काठीची सावली काठीच्या सुमारें पावणेदोनपट पडली, म्हणजे सूर्य ३० अंशांवर असतो व थर दुप्पट होतो. समजा, हवा न बदलतां एका रंगाचा प्रकाश दुप्पट थरांतून ६४ भाग व एकपट थरांतून ८० भाग आला. प्रत्येक थर पांचवा हिस्सा घेतो हें उघड आहे. मग थर मुळींच नसता, तर १०० भाग आले असते! जमिनीवर राहूनच वातावरणाबाहेरील प्रकाश काढण्याची ही रीत अमेरिकन शास्त्रज्ञ लँग्ले यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे.

धुराचे सूक्ष्म कण निळा प्रकाश विशेष अडवितात. धुळीचे मोठे कण सर्व रंगांस जवळजवळ सारखेच अडवितात. बाष्प तांबड्यापलीकडील कांहीं अदृश्य किरण शोषतें. म्हणून अनेक रंग मोजले, कीं कोणाची जकात किती, हें कळूं लागतें.

या कार्यांत आपल्या पुण्याचा वांटा मोठा आहे. अण्णा मणि या विदुषी १९४८ सालीं तेथील हवामान खात्यांत रुजू झाल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त त्यांनीं देशांत सूर्यकिरण मोजणाऱ्या केंद्रांचें जाळें उभारलें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत २००४ पासून 'एरोनेट' या जागतिक जाळ्यांतील यंत्रानेंही वेध घेतले गेले.

धूळ व धूर वाढल्यास पिकांस मिळणारें ऊन घटतें व ढगांच्या घडणीवरही परिणाम होतो. शेतीवर जगणाऱ्या गांवांस ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनीं सूर्याकडे मात्र कधींही उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये. अंगणांत काठी रोवून रोज तिची सावली मापावी व आकाशाचा रंग वहींत टिपावा. शास्त्राचा आरंभ अशा नियमित नोंदींतूनच होतो.