बदनामी म्हणजे काय?



'बदनामी' हा शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. गुरुजींनी मला त्याचा अर्थ सांगितला. 'बद' हा फारसी शब्द आहे. बद म्हणजे वाईट. बदसूर म्हणजे वाईट सूर. तसेच एखाद्याचे चांगले नाव लोकांत वाईट करणे म्हणजे बदनामी.

चहाडी, आळ आणि बदनामी एकच नाहीत. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानात सांगणे ही चहाडी. न केलेला गुन्हा कुणाच्या माथी मारणे म्हणजे आळ घेणे. तो आळ चार लोकांत पसरला की बदनामी होते. मग म्हणतात, नावाला बट्टा लागला.

'अब्रू' हा शब्दही फारसीच. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. मोत्याला जसे पाणी असते तसे माणसाच्या चेहऱ्याचे पाणी, म्हणजे तेज, ती अब्रू. आमचे आजोबा म्हणतात, "बुंद से गयी वो हौद से नही आती." थेंबापायी गेलेली अब्रू हौदभर पाण्याने परत येत नाही.

बदनामी हा कायद्यानेही गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 356 व्या कलमात हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण खरी गोष्ट लोकांच्या भल्यासाठी सांगितली तर ती बदनामी धरत नाहीत. म्हणून कुणी मारले तर गुरुजींना खरे सांगायला भ्यायचे नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. माझे पेन हरवले तेव्हा मी वर्गात एका मुलाकडे बोट दाखवून ओरडलो, "यानंच घेतलं!" दोन दिवस त्याच्याशेजारी कुणी बसले नाही. पेन माझ्याच दप्तराच्या फाटक्या अस्तरात निघाले. मी त्याला हळूच म्हणालो, "चुकलं माझं." तो काहीच बोलला नाही. परवा पाण्याच्या टाकीजवळ तिसरीतला एक मुलगा त्याला 'पेनचोर' म्हणाला. तेव्हा मला कळले, आळ मी सगळ्यांसमोर घेतला आणि माफी एकट्यात मागितली.

म्हणून हे सगळ्यांना दिसेल असे भिंतीवर लिहिले आहे. त्याने पेन घेतले नव्हते. त्याचे नाव इथे लिहीत नाही, पण तुम्हाला ते ठाऊक आहे. आता हेही सगळ्यांना सांगा.