गुडघे दुखतात, शुगर आहे. मग खुर्चीत बसून व्यायाम चालेल का?

चालेल. दुखतंय म्हणून बसूनच राहिलं की मांड्यांचे स्नायू अशक्त होतात आणि मग संडासातून उठणंही कठीण जातं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. आजारामुळे तेवढं जमत नसेल तर झेपेल तितकाच.

खुर्ची भक्कम हवी, भिंतीला टेकवलेली. (प्लास्टिकची नकोच, सरकते.) बसून एकेक पाय सरळ करा, पाचपर्यंत मोजा, खाली घ्या. मोजायचं मोठ्याने, कारण श्वास रोखला की बीपी वाढतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी शुगर तपासावी. ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच सुरुवात करावी. छातीत दुखलं तर लगेच थांबा. थांबूनही दुखत राहिलं तर १०८ ला फोन करा.