उन्हाळी सारखी लागतेय? दोष नेहमी उन्हाचाच नसतो

एप्रिल-मे म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम. पारा ४५ अंशांच्या आसपास. पहाटेच जंगलात गेलेल्या बाईला लघवीला जळजळ झाली, तर घरचे म्हणतात, "उन्हाळी लागली, पाणी पी." बरेचदा ते खरंही असतं. पण पंचेचाळिशीतल्या बाईला हाच त्रास ऐन थंडीतही होत असेल तर?

पाळी जायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी पडते. योनीत काही चांगले जिवाणू राहतात. ते आम्ल तयार करतात आणि त्यामुळे रोगजंतू तिथे टिकत नाहीत. इस्ट्रोजेन घटलं की हे राखणदारही कमी होतात. मग जळजळ, खाज, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीची अचानक घाई आणि पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग असा त्रास सुरू होतो. २०१४ पासून डॉक्टर या सगळ्या लक्षणांना मिळून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' म्हणतात.

अंगातून गरम वाफा येणं काही वर्षांनी ओसरतं. हा त्रास मात्र सहसा आपोआप जात नाही, उलट वाढत जातो.

मग बायका डॉक्टरकडे का जात नाहीत? याचं उत्तर शोधताना गडचिरोलीच्याच एका अभ्यासाकडे जावं लागतं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के! हा अभ्यास फक्त पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांचा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट दिसली: दुखणं घरोघरी होतं आणि ते डॉक्टरपर्यंत पोचतच नव्हतं.

आजही 'खालचं' दुखणं सांगायचं म्हटलं की आवाज खाली जातो. त्यात पाळी गेलेल्या बाईनं कोरडेपणाबद्दल बोलायचं म्हणजे "या वयात हे काय?" हा प्रश्न ठरलेलाच.

खरं तर उपाय साधे आहेत. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी, कारण मधुमेहातही असा संसर्ग वारंवार होतो. कोरडेपणाच कारण असेल, तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मलम डॉक्टर लिहून देतात. त्यानं वारंवार होणारा संसर्गही कमी होतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर ते आधी सांगायचं. जळजळ झाली की दर वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाणं मात्र महागात पडतं: जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि कोरडेपणा आहे तिथेच राहतो. आतून साबणानं धुणंही नकोच, त्यानं कोरडेपणा वाढतो.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नका. लघवीतून रक्त, ताप, कंबरेत थंडी वाजून दुखणं यातलं काही असेल, तर लगेच दवाखाना गाठा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्ताचा डाग जरी दिसला, तरी कर्करोग नाही ना, हे तपासून घ्यावंच लागतं. गावात आशाताई असतेच. डॉक्टरसमोर बोलायला जड जात असेल, तर आधी तिच्या कानावर घाला.