ट्रेंडमागची गर्दी खरी असते का?

मी नवी मुंबईत राहतो, दिवसभर कोड लिहितो. तरीही २०२० मध्ये मी फसलो. म्हणून आजचा विषय : राजकीय बॉट.

लॉकडाऊन आठवतोय? १४ जून २०२० ला अभिनेता सुशांतसिंह राजपूतचा वांद्र्याच्या घरी मृत्यू झाला. बघता बघता चर्चेचा रोख राज्य सरकार आणि मुंबई पोलिसांवर वळला. ट्विटर उघडलं की रोज तेच हॅशटॅग. 'एवढे लोक बोलतायत म्हणजे काहीतरी असणारच,' म्हणत मीही दोन-तीन रीट्वीट केले.

ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी सांगितलं, की आपली आणि सरकारची बदनामी करायला ८० हजारांहून जास्त बनावट खाती उघडली गेली होती. आता पोलीस स्वतःच यात एक बाजू होते, त्यामुळे हा त्यांचा दावा म्हणूनच घ्या. पण हे जमतं कसं?

बॉट म्हणजे खातं चालवणारी छोटी स्क्रिप्ट. तिला हॅशटॅग, चार-पाच वाक्यं आणि वेळ द्यायची, बस्स. ट्रेंड ठरताना एकूण पोस्टपेक्षा अचानक आलेली वाढ महत्त्वाची असते. म्हणून शेकडो खाती एकाच अर्ध्या तासात तुटून पडतात. हॅशटॅग वर आला की माझ्यासारखी खरी माणसं येतात, आणि बॉटचं काम संपतं. तो तुमचं मत बदलत नाही. गर्दी आहे असं भासवतो.

सगळा दोष बॉटवर ढकलून मात्र चालणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की 'आत्महत्या'ऐवजी 'हत्या' हा शब्द रुजवण्यात राजकारण्यांच्या खऱ्या खात्यांचाही मोठा हात होता.

पुढे एम्सच्या डॉक्टरांनी हत्येची शक्यता फेटाळली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट दिला. पण तोवर इंटरनेटने रिया चक्रवर्तीला खुनी ठरवून टाकलं होतं. त्यात माझेही दोन-तीन रीट्वीट होते, आणि ते कुठल्या स्क्रिप्टने केले नव्हते.

आता शेअर करण्याआधी मी तीन गोष्टी बघतो. खातं कधी उघडलंय? दिवसरात्र एकाच विषयावर पोस्ट पडतायत का? तेच वाक्य सर्चमध्ये टाकलं तर जसंच्या तसं आणखी किती खात्यांवर सापडतं? यातून बॉट पक्का ठरत नाही, पण बोट थांबतं. आणि तुमच्या आवडत्या पक्षाची पोस्ट असेल तर हे आधी करा, कारण तिथेच आपण सगळ्यात पटकन फसतो.

भेटू पुढच्या भागात!