चाळणी उजेडात धरून बघा

लग्नाच्या हॉलमध्ये आइस्क्रीमच्या टेबलाशेजारी एक स्टीलचे धूड फुसफुसत असते. फेटलेली इन्स्टंट कॉफी, दूध, वाफेचा फवारा, वर चिमूटभर चॉकलेट पावडर. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची ‘एक्स्प्रेसो’ ती हीच, आणि थंडीतल्या रिसेप्शनला तिला तोड नाही. पण हीच चव डोक्यात ठेवून घरासाठी मशीन बघायला गेलेला माणूस वाफेला भुलतो. काचेचे भांडे असलेली सगळ्यात स्वस्त मशीन्स वाफेच्याच दाबावर चालतात. पंप त्यांना नसतोच. त्यातून निघते ती कडक कॉफी, एस्प्रेसो नव्हे.

इतिहास उरकून टाकू. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ मध्ये त्यातून एकेक कप काढायची सोय केली, आणि पावोनी या कारखानदाराने ती यंत्रे बाजारात आणली.

खरी गंमत पुढे आहे. वाफेचा दाब दीड-दोन बारच्या वर जाईना आणि कॉफीला करपट वास येई. मिलानमध्येच बार चालवणाऱ्या आकिल्ले गाज्जाने वाफेला फाटा दिला. १९३८च्या पेटंटपासून सुरू झालेला त्याचा खटाटोप महायुद्धानंतर स्प्रिंगच्या दांड्यापर्यंत पोहोचला. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते. सोडला की तीच स्प्रिंग दट्ट्यामार्फत गरम पाणी कॉफीतून रेटते. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला आणि कपात तपकिरी साय दिसू लागली. हा फेस कसला, म्हणून गिऱ्हाइके बिचकली, असे सांगतात. गाज्जाने त्याच फेसाची ‘नैसर्गिक साय’ म्हणून जाहिरात केली! नऊ बार म्हणजे किती? ५८ मिलिमीटर व्यासाच्या चाळणीतल्या कॉफीवर साधारण २४० किलोंचा भार.

म्हणूनच खोक्यावरच्या ‘१५ बार’, ‘२० बार’ या आकड्यांना भाव देऊ नये. पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, एवढेच ते सांगतात. कॉफीला नऊ पुरतात. त्यापेक्षा दुकानात चाळणी मागून घ्यावी आणि उजेडात धरावी. तळभर बारीक भोके आरपार दिसली, तर ती साधी चाळणी. आतून भोके पुष्कळ, पण बाहेरच्या तळाला टाचणीएवढे एकच, तर ती दुहेरी तळाची. हिच्यात दाब कॉफीमुळे नव्हे, त्या एका भोकामुळे तयार होतो. दळण कसेही असो, फेस येतोच. चव मात्र येईलच असे नाही. सुरुवातीला ती चालेल, पण त्या मशीनला साधी चाळणी मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

साधी चाळणी आली की दळणाचा प्रश्न येतो. मिक्सरमध्ये निम्मे पीठ होते, निम्मी कणी राहते, आणि पाणी वाट सापडेल तिथून पळते. इटालियन एस्प्रेसो संस्थेचे माप सात ग्रॅम कॉफी, २५ सेकंद, २५ मिलिलिटर असे आहे. कप दहा सेकंदांत भरला तर दळण जाडे, थेंब पडेनात तर फार बारीक. हा फरक साधायला बारीक टप्पे असलेला, दातेरी चकत्यांचा ‘बर’ ग्राइंडर हवा; हाताने फिरवायचाही चालतो. बजेट तुटपुंजे असेल, तर काटकसर मशीनमध्ये करावी, ग्राइंडरमध्ये नाही.

ती काटकसर कशी करायची, याचे उत्तर पुन्हा दांड्यातच आहे. फ्लेअरची साधी मॉडेल्स किंवा कॅफेलॅट रोबोट या हाताच्या दांड्याच्या मशीन्समध्ये ना पंप, ना वायर. पाणी किटलीत उकळायचे, जोर हाताचा. बिघडायला रबरी रिंगांखेरीज फारसे काही नाही, आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार धरायला बॉयलरच नाही. दुधाला वाफ मात्र मिळत नाही. रोज चार कॅपुचिनो लागणाऱ्या घराने गाज्जा क्लासिकसारखे, बाजारातली ५८ मिलिमीटरची साधी चाळणी बसणारे मशीन बघावे. १९९१ पासून चालत आलेल्या या मॉडेलचे सुटे भाग मिळतात आणि हौशी मंडळी ते घरीच उघडून दुरुस्त करतात.

बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख हवीच. चिकमगळूरच्या बिया आता सहज मिळतात. आपल्या मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. तिथे गेलात तर पाव किलोच घ्या, कारण महिना-दीड महिन्यात सायीचा जोर ओसरतो.