टायब्रेकमध्ये ठरलेला विश्वचषक

२८ जुलै २०२५, जॉर्जियातील बातुमी. महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते. अशा वेळी टायब्रेक खेळवतात. त्यात आधी जलद डाव होतात: प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंदांची भर. विचाराला उसंत नसते, त्यामुळे अनुभवी खेळाडूही चुकतात. पहिला जलद डाव बरोबरीत राहिला. दुसऱ्या डावात हम्पी वेळेच्या तंगीत चुकली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने तो जिंकला. या विजेतेपदाबरोबर नियमानुसार थेट ग्रँडमास्टर किताबही मिळतो. एकोणीस वर्षांची दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली, आणि हा मान मिळवणारी चौथी भारतीय महिला.