किशोरवयीन आणि ज्येष्ठ वाहनचालकांची रस्ता सुरक्षा

किशोरवयीन आणि ज्येष्ठ वाहनचालकांची रस्ता सुरक्षा हा वाहतूक अभियांत्रिकी, मानसशास्त्र, नेत्रवैद्यक आणि कायदा या शाखांच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. चालकाचे वय आणि त्याने चालविलेल्या दर किलोमीटरमागे होणारे प्राणघातक अपघात यांचा आलेख काढल्यास तो परातीसारखा दिसतो: मध्यम वयात सपाट आणि दोन्ही काठांना उंच. विशीच्या आतील आणि सत्तरीच्या पुढील चालक या दोन काठांवर असतात. दोन्ही काठ उंच असले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. हे संशोधन मुख्यतः मोटारींच्या देशांत झाले. भारतात रस्त्यावरचे बहुसंख्य मृत्यू दुचाकीस्वार व पादचारी यांचे असल्याने त्यातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

किशोरवयीन चालक

नवख्या चालकाला सर्वाधिक धोका एकट्याने वाहन चालवू लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असतो. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातील नवचालकांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपघातांचे प्रमाण पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरले आणि त्यानंतर संथपणे घटत गेले. सहा महिन्यांत वय फारसे बदलत नाही. त्यामुळे या उताराचे श्रेय अनुभवाला द्यावे लागते. मात्र सारा धोका अननुभवाचा नसतो, कारण तेवढाच अनुभव असलेल्या प्रौढ नवचालकापेक्षा सोळा-सतरा वर्षांचा चालक अधिक अपघात करतो.

अननुभवी चालकाचे हात-पाय बहुधा चुकत नाहीत; त्याची नजर चुकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डोनाल्ड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर चालकांच्या नजरेचा माग घेतला. रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांपाशी उभ्या असलेल्या ट्रकच्या पुढून एखादा माणूस अचानक येऊ शकतो, ही शक्यता अनुभवी चालक मनात धरतो आणि ट्रकच्या कडेकडे पाहतो. नवखा चालक समोरच पाहत राहतो. थांब्यावर उभ्या एसटीच्या पुढून रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले हे याचेच आपल्याकडील रूप होय. अशा प्रसंगांची चित्रे दाखवून नवचालकांना कोठे पाहायचे ते शिकविल्यास त्यांची नजर सुधारते, असे या गटाला आढळले. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची चित्रफीत-चाचणी जोडली.

दुसरे कारण सोबत्यांचे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०६ व्यक्तींना संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला होता. मित्र पाहत असताना किशोरांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करला; प्रौढांच्या वागण्यात असा फरक जवळजवळ पडला नाही. प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारीही याला दुजोरा देते. अमेरिकेतील अपघातांच्या २०००च्या अभ्यासानुसार तीन किंवा अधिक प्रवासी बरोबर असताना सोळा-सतरा वर्षांच्या चालकाच्या मृत्यूचा धोका एकट्याने जाण्याच्या तुलनेत जवळपास तिप्पट होता.

यावर शिक्षण हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि निव्वळ शिक्षण म्हणून तो सर्वांत निराशाजनकही ठरला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. यदृच्छेने पाडलेल्या गटांपैकी एकाला त्या काळातील अत्यंत परिपूर्ण अभ्यासक्रम, दुसऱ्याला संक्षिप्त अभ्यासक्रम आणि तिसऱ्याला काहीच नाही, अशी योजना होती. परिपूर्ण शिक्षणाचा जो थोडा लाभ दिसला तो काही महिन्यांतच विरून गेला. शाळांतून भरणारे रस्ता सुरक्षा सप्ताह, घोषवाक्य व चित्रकला स्पर्धा यांच्याकडून फार अपेक्षा करताना हा प्रयोग आठवणे उपयुक्त ठरते.

ज्या उपायाला भक्कम आधार मिळाला तो म्हणजे टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत. तिची कल्पना अमेरिकेत पॅट्रिशिया वॉलर यांनी १९७०च्या दशकात मांडली आणि न्यूझीलंडने १९८७ मध्ये ती प्रथम अमलात आणली. शिकाऊ आणि पूर्ण परवाना यांच्यामध्ये तीत निर्बंधित परवान्याचा एक टप्पा असतो. या टप्प्यात चालक दिवसा एकटा जाऊ शकतो. पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत किंवा मित्रांना घेऊन जायचे असल्यास अनुभवी व्यक्ती शेजारी असावी लागते. चालकाला उपदेश न करता त्याचे सर्वांत धोक्याचे तास आणि सोबती बाजूला काढायचे, एवढेच ही पद्धत करते. अमेरिकेच्या सर्व राज्यांनी नंतर ती कमीअधिक कडकपणे स्वीकारली आणि किशोरांचे अपघात घटल्याचे बहुतेक मूल्यमापनांत आढळले. मात्र २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात घटत असताना अठरा वर्षांच्यांचे वाढल्याचे दिसले. निर्बंध अठराव्या वर्षी संपत असल्याने अनेक मुले तोवर थांबून, कोणताही मधला टप्पा न ओलांडता थेट पूर्ण परवाना घेत असावीत, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. जेथे परवाना मुळातच अठराव्या वर्षी मिळतो, अशा भारतासारख्या देशाने या निष्कर्षाची विशेष दखल घ्यायला हवी.

ज्येष्ठ चालक

ज्येष्ठ चालकांचे मृत्यू अधिक दिसतात याचे मोठे कारण त्यांचे वाहन चालविणे नसून त्यांचे शरीर हे आहे. ज्या धडकेत तिशीतील माणूस बरगडीला मार लागून वाचतो, त्याच धडकेत पंच्याहत्तरीचा माणूस दगावतो. ली, ब्रेव्हर आणि चेन यांनी २००३ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार ज्येष्ठ चालकांच्या वाढीव मृत्युदराचा साठ ते पंचाण्णव टक्के भाग शरीराच्या या नाजूकपणाचा होता. याखेरीज कमी अंतर चालविणाऱ्या कोणत्याही वयाच्या चालकाचे दर किलोमीटरमागे अपघात अधिकच दिसतात, कारण त्याचे बहुतेक किलोमीटर गावातल्या चौकांत जातात. ज्येष्ठ मंडळी कमी चालवितात, म्हणून त्यांचा धोका आकड्यांत फुगतो.

तरीही काही खरी वैगुण्ये उरतात. समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून वळताना, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे वळताना, ज्येष्ठांचे अपघात तुलनेने जास्त होतात. एकाच क्षणी अनेक दिशांचे भान ठेवण्याची क्षमता वयानुसार घटते. तिला अभ्यासक उपयुक्त दृष्टिक्षेत्र म्हणतात. सिंथिया ऑस्ली, कार्लीन बॉल व सहकाऱ्यांनी ५५ ते ८७ वयाच्या २९४ चालकांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. ज्यांचे उपयुक्त दृष्टिक्षेत्र चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक घटले होते, त्यांचा अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक निघाला. नेत्रतपासणीच्या नेहमीच्या तक्त्यावर सर्व अक्षरे वाचणाऱ्यातही हा दोष असू शकतो. पुढे बॉल यांच्या गटाने संगणकावरील सरावाने ही क्षमता वाढविता येते आणि चालकाच्या चुकीने होणारे अपघात सुमारे निम्म्याने घटतात, असे २०१०मध्ये दाखविले.

भारताच्या दृष्टीने ऑस्ली यांचा २००२चा अभ्यास अधिक मोलाचा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या चालकांचे अपघात ती न केलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात पन्नाशीपुढील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आहे, आणि त्याचा वाटा सुमारे ६६ टक्के आहे. नेत्रशिबिराला रस्ता सुरक्षेचा उपाय म्हणून सहसा कोणी मोजत नाही.

सक्तीची तपासणी आणि तिचे परिणाम

वय झालेल्यांचे परवाने काढून घ्यावेत, ही मागणी एखाद्या गाजलेल्या अपघातानंतर हमखास होते. टोकियोतील इकेबुकुरो येथे १९ एप्रिल २०१९ रोजी ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली एक तरुण आई व तिची लहान मुलगी ठार झाली. त्या वर्षी जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने स्वेच्छेने परत केले. पंच्याहत्तरीपुढील चालकांना तेथे नूतनीकरणाच्या वेळी आकलनक्षमतेची चाचणी द्यावी लागते.

पण तपासणीने सुरक्षा वाढते का, या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित आहे. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ साली लिसा हाकामिएस-ब्लोमक्विस्ट व सहकाऱ्यांनी दोन देशांची तुलना केली, तेव्हा ज्येष्ठ मोटारचालकांच्या सुरक्षेत फरक आढळला नाही. मात्र फिनलंडमध्ये पायी किंवा सायकलवर जाणाऱ्या ज्येष्ठांचे मृत्यू अधिक निघाले. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी आकलन चाचणी आणली, तेव्हाही मोटारीबाहेरच्या ज्येष्ठांचे मृत्यू वाढल्याचे २०१२ च्या अभ्यासात दिसले. २०१७ मध्ये वयावर आधारित ही सक्ती तेथे रद्द झाली. मोटारीतून उतरविलेला वृद्ध माणूस घरी बसत नाही, तो रस्त्याच्या कडेने चालू लागतो, आणि तेथे त्याला पत्र्याचेही संरक्षण नसते.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

केंद्रीय अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मृत्यू पावले. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होते. देशातील मृतांत दुचाकीस्वार सुमारे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. म्हणजे मोटारीच्या पत्र्याबाहेरची माणसे मृतांत बहुसंख्य होती. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिनेश मोहन (१९४५–२०२१) यांनी हाच मुद्दा आयुष्यभर लावून धरला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत नागेंद्र वेलगा व सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर भारतीय चालकांचा अभ्यास चालविला आहे. मद्याच्या वाढत्या मात्रेने तरुण व प्रौढ चालकांचा प्रतिक्रियाकाल कसा लांबतो, याचे मापन त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहन चालविण्याचे किमान वय १८ आहे. पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ते १६ आणि व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनांसाठी २० आहे. शिकाऊ परवान्यावर दुचाकी चालविताना शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसविता येत नाही. पक्का परवाना हाती पडताच मात्र पहिल्याच रात्री महामार्गावर मित्राला घेऊन जाण्यास कायद्याची हरकत नाही, कारण मधला टप्पा येथे नाही. २०१९च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९९-अ खाली अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे.

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने देशभर संताप उसळला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. या प्रकरणातील चर्चा शिक्षेभोवती फिरत राहिली. संशोधन ज्यावर बोट ठेवते ते तीन घटक, म्हणजे रात्र, सोबती आणि चालकाच्या हाती वाहनाची किल्ली देणारे घर, तिन्ही येथे हजर होते. त्यांची चर्चा तुलनेने कमी झाली.

ज्येष्ठांच्या बाबतीत २०१९ पासून ५५ वर्षांनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्रात २५ मीटरवरून मोटारीचा नोंदणी क्रमांक वाचता येतो का, हे पाहिले जाते. उपयुक्त दृष्टिक्षेत्राची चाचणी त्यात नाही.

जव्हार–मोखाडा परिसर

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांतून त्र्यंबकेश्वर–मोखाडा–जव्हार–विक्रमगड–मनोर हा राष्ट्रीय महामार्ग (१६०-अ) जातो. १६६४च्या सुरत मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी जेथे स्वागत केले असे परंपरा सांगते, ते शिरपामाळ जव्हार शहरालगत आहे. पावसाळ्यात या भागातील धबधबे पाहण्यास येणाऱ्यांत तरुण दुचाकीस्वारांची संख्या मोठी असते. धुके, ओली वळणे आणि अनोळखी घाट हे नवख्या चालकाला जड जाणारे सारे घटक त्यांच्या वाट्याला एकत्र येतात.

स्थानिकांचा प्रश्न वेगळा आहे. पाडे विखुरलेले आहेत आणि शाळा, बाजार किंवा दवाखाना दूर आहे. येथे मोटारसायकल ही चैन नसून गरजेची सोय असते. जिल्ह्याचे परिवहन कार्यालय (एमएच-४८) वसई-विरार भागात असल्याने मोखाड्याच्या मुलाला कार्यालयाच्या फेरीतच मजुरीचा एक दिवस गमवावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी भरणारी परवाना शिबिरे त्यामुळे महत्त्वाची ठरतात. हेल्मेटचा मुद्दाही येथे शहरापेक्षा तीव्र आहे. जागतिक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय या भागाचा आधार आहे, पण डोक्याच्या गंभीर इजेसाठी नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठावी लागते आणि वेळ घाटात जातो.

ज्येष्ठांपैकी फार थोडे येथे स्वतः वाहन चालवितात. ते चालतात, जीपमध्ये दाटीने बसतात किंवा एसटीची वाट पाहतात. राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे भाडे पडते. अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. डेन्मार्क व फिनलंडच्या अनुभवाच्या उजेडात पाहिल्यास या सवलती रस्ता सुरक्षेच्याही योजना आहेत. पण सवलत असली तरी प्रत्येक पाड्यापर्यंत बस जात नाही. फाट्यावर उतरलेली आजी उरलेले अंतर उन्हातून पायी तरी काटते, किंवा ओळखीच्या एखाद्या शाळकरी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसते. तेव्हा परातीचे दोन्ही काठ एकाच दुचाकीवर असतात आणि बहुधा दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नसते.